पिशवी उलटी आहे, म्हणजे काय?

‘पिशवी उलटी आहे’ हे शब्द तपासणीच्या खोलीतून बाहेर आले, की घरात पाळणा न हलण्याचे कारण सापडले असे मानले जाते आणि दोष सुनेच्या पदरी बांधला जातो. या समजुतीत तथ्य किती, हे पाहणे अगत्याचे आहे.

गर्भाशय हे सुमारे साडेसात सेंटिमीटर लांबीचे, स्नायुमय इंद्रिय होय. पुढे मूत्राशय, मागे गुदाशय आणि मध्ये ते बंधांच्या आधारे सैलसर तोललेले असते. मूत्राशय भरले की ते मागे सरते, रिकामे झाले की पुढे येते. बहुसंख्य स्त्रियांत ते पुढे झुकलेले असते. सुमारे पाचांत एकीचे मागे कललेले असते. एखादा मनुष्य डावखुरा असावा, तसाच हा भेद आहे.

एकोणिसाव्या शतकात मात्र वैद्यकाने यालाच व्याधी ठरविले. फिलाडेल्फियाचे डॉ. ह्यू हॉज (१७९६–१८७३) यांनी गर्भाशय पुढे धरून ठेवणारे कडे प्रचारात आणले. पुढे ते ओढून बांधण्याच्या शस्त्रक्रियाही होऊ लागल्या. कालांतराने हे मत मागे पडले. शुक्रजंतू काही मिनिटांतच बीजवाहिनीपर्यंत पोहोचू शकतात; त्यांना उताराची गरज नसते. गर्भ राहिल्यावर वाढते गर्भाशय चौथ्या महिन्याच्या सुमारास बहुधा आपोआप वर येते. क्वचित ते खालीच अडकते आणि लघवी तुंबते. तेव्हा तातडीने डॉक्टर गाठावा.

तथापि एक भेद ध्यानी ठेवला पाहिजे. मागे कललेले गर्भाशय मोकळे असेल, तर चिंतेचे कारण नाही. ते आसपासच्या भागांना चिकटून जखडले असेल, तर त्यामागे बहुधा रोग असतो: जंतुसंसर्ग, क्षय, किंवा गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर रुजणे. हे रोग बीजवाहिन्यांना इजा करतात आणि त्यामुळे गर्भधारणा अडते. पाळीच्या वेळच्या किंवा समागमाच्या वेळच्या तीव्र वेदना ही त्यांची सूचना असू शकते. उपचार करावयाचा तो त्या रोगावर.

म्हणून वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ न राहिल्यास, आणि पत्नीचे वय पस्तिशीपलीकडे असल्यास सहा महिन्यांनीच, पतिपत्नी दोघांनीही तपासणी करून घ्यावी. पुरुषाची वीर्यतपासणी सोपी असते, आणि पुष्कळदा कारण तेथेच सापडते. ती होण्यापूर्वी एकट्या स्त्रीला दोष देणे शास्त्राला धरून नाही आणि न्यायालाही नाही.