घास अडकतो, पण दोष मानेच्या हाडाचा

केंदूर-पाबळकडे घरातलं म्हातारं माणूस भाकरी दुधात कुस्करून खायला लागलं, की बाकीचे म्हणतात, वय झालं, दात गेले. पण घास रोज गळ्यातच अडत असेल तर ते वयावर ढकलून चालत नाही. याउलट काही जण थेट कॅन्सर धरून बसतात. ती शंका आधी फेडायलाच हवी, तंबाखू-मिश्रीवाल्यांनी तर लवकर.

दुर्बिणीच्या तपासणीत काही सापडलं नाही, तर दोष अन्ननलिकेच्या मागे असू शकतो. मानेचे मणके अन्ननलिकेला मागून खेटूनच असतात. फॉरेस्टिये आणि रोतेस-केरोल यांनी १९५० मध्ये वर्णन केलेल्या आजारात (आज त्याला ‘डिश’ म्हणतात) मणक्यांच्या पुढच्या अंगाला मेण ओघळून गोठावं तसं हाड साचतं. साठीपुढच्या पुरुषांत आणि मधुमेह्यांत तो जास्त दिसतो. दूध आणि कॅल्शियम बंद करून हे हाड जिरत नाही. मालिशनेही नाही. मान कडकड मोडून घेणं तर घातकच, कारण जखडलेला मणका किरकोळ धक्क्यानेही मोडतो.

मात्र एक्स-रेत हाड दिसलं म्हणजे गुन्हेगार सापडला, असं नव्हे. असं हाड वाढलेले कित्येक जण मजेत जेवतात. म्हणून बेरियम पाजून बाजूने चित्र घेतात: औषधाची पांढरी धार नेमकी त्या उंचवट्यावर वळसा घेऊन अडखळली, तरच त्याच्यावर बोट ठेवायचं.

आधी मऊ अन्न, गिळण्याचे व्यायाम, सूज उतरवणारी औषधं. तरीही वजन घटत राहिलं, ठसके लागून न्यूमोनिया होऊ लागला, की ऑपरेशन. ‘मणक्याचं ऑपरेशन म्हणजे लुळेपणा’ ही भीती इथे बहुतांशी गैरलागू आहे. मज्जारज्जू मणक्याच्या मागच्या बाजूला असतो. सर्जन मानेच्या पुढून जातात, श्वासनलिका आणि अन्ननलिका अलगद बाजूला सारतात आणि वाढलेलं हाड ड्रिलने घासून काढतात. खरे धोके वेगळे: आवाजाची नस दुखावून घोगरेपणा, अन्ननलिकेला छिद्र, रक्त साचून श्वास कोंडणं. ऑपरेशनआधी डॉक्टरांना हेच विचारावं.

दुसऱ्या दिवशी भाकरी खाता येईल, ही आशाही नको. सुरुवातीला सुजेमुळे गिळणं उलट जड जातं. सुधारणेला आठवडे, कधी महिने लागतात. हाड पुन्हा वाढू शकतं, पण सहसा वर्षानुवर्षांच्या संथ चालीने.