डब्याखालचा अल्टरनेटर

आदिलाबादहून वणीमार्गे येणारा लोहमार्ग वर्धा नदी ओलांडून माजरी जंक्शनला दिल्ली–चेन्नई मार्गाला मिळतो. मुलूख कोळशाचा. मालगाडी पुढे काढायची म्हणून पॅसेंजर लूप लाइनला उभी राहते, तेव्हा पंखे-दिवे चालतात ते डब्याखालच्या बॅटऱ्यांवर.

या बॅटऱ्या भरायला जुन्या आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरी) डब्याच्या बोगीला ४.५ किलोवॅटचा अल्टरनेटर टांगलेला असतो. आसावरच्या पुलीवरून व्ही-बेल्ट त्याला फिरवतात. गाडी ताशी ४० ने जावो की १०० ने, डब्याला वीज ११० व्होल्टच्या आसपासच हवी. रेग्युलेटर त्यासाठी अल्टरनेटरला चुंबकत्व देणाऱ्या फील्ड गुंडाळीतला प्रवाह सांभाळतो: वेग वाढला की उतरवतो, पडला की चढवतो. बॅटरी फारच रिकामी असेल, तर तिच्यात जाणाऱ्या प्रवाहालाही लगाम घालतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या स्टोन कंपनीने हे काम चक्क पट्ट्यावर सोपवले होते. डायनॅमो असा लटकवायचा, की ठरावीक वेगापुढे पट्टा घसरावा आणि डायनॅमो आणखी जोरात फिरूच नये. पट्ट्याच्या खोडीलाच कामाला जुंपणारी ही युक्ती मला आजच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरपेक्षा अधिक भावते. पण डायनॅमोचे नखरे फार. गाडी उलट दिशेने निघाली की धन-ऋण टोके बदलायची. थांबली की बॅटरीच उलटी त्याच्यात रिकामी होऊ पाहायची. अल्टरनेटरपुढे डायोड बसले आणि दोन्ही कटकटी मिटल्या.

बॅटरीचा हट्ट मात्र राहिलाच. लेड-ॲसिड सेलला २.४ व्होल्टच्या आसपास नेऊन तिथे काही तास धरावे, मग २.२५ वर आणावे, तेव्हा ती खरी भरते. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेवरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. तशा नौकेवरही पेच हाच: डिझेल जपायचे, इंजिन थोडाच वेळ चालवायचे आणि तेवढ्यात बॅटऱ्या भरायच्या. रखडणाऱ्या पॅसेंजरची गत निराळी नाही. सतत अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट कडक होत जाते. म्हणजे भरधाव गाडीपेक्षा रेंगाळणारी गाडीच बॅटरीच्या जिवावर उठते.

त्यात चंद्रपूरचा उन्हाळा. पारा ४५ वर गेला की सेलमागे व्होल्टेज थोडे उतरवायला हवे, नाहीतर बॅटरी उकडून सुकते. एकीकडे भरण्याची घाई, दुसरीकडे हात आखडता घेण्याची सक्ती.

आयसीएफ डबे बनणे २०१८ मध्ये थांबले. त्यांच्या जागी आलेल्या एलएचबी डब्यांच्या गाड्यांना वीज बहुधा पॉवर कारमधून किंवा थेट इंजिनातून मिळते. बॅटरी त्यांनाही असते, पण आणीबाणीपुरती.