बोलणारा माईक आणि ऐकणारे गाव

माईक शब्द टिपतो आणि कर्णा तो दूरवर पोहोचवितो, अशी आपली सरळ समजूत आहे. परंतु विज्ञानाच्या शिक्षकांना ठाऊक असते की, या दोहोंच्या पोटात पुष्कळदा एकच रचना असते : चुंबक, तारेचे वेटोळे आणि पातळ पडदा. आवाजाने पडदा हलला की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. उलट वेटोळ्यात वीज सोडली की पडदा हलून आवाज करू लागतो. ऐकणाऱ्या यंत्राला बोलके करावयाचे तर जोडणी तेवढी फिरवावी लागते.

मुंबईच्या कलावंत शिल्पा गुप्ता यांनी नेमके हेच केले. १९७६ साली जन्मलेल्या आणि सर जे. जे. कलाशाळेत शिल्पकला शिकलेल्या गुप्तांनी २००८-०९ मध्ये ‘सिंगिंग क्लाऊड’ या कलाकृतीत हजारो माईक ढगासारखे एकत्र टांगून त्यांतूनच आवाज ऐकविले. २०१७-१८ मधील त्यांच्या दुसऱ्या एका रचनेत शंभर माईक आहेत. प्रत्येकाखाली धातूच्या अणकुचीदार सळईत खोचलेला एक कागद, आणि त्यावर तुरुंगवास भोगलेल्या एखाद्या कवीच्या ओळी. एक माईक ओळ म्हणतो, उरलेले ती उचलून धरतात. २०१९ च्या व्हेनिसमधील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ही रचना मांडली गेली होती. ज्यांचा आवाज दाबला गेला, तोच आवाज येथे माईकच्या मुखाने परत येतो.

प्रसारमाध्यमांची भाषा त्यांच्यावरच उलटविण्याची ही रीत गुप्तांच्या कामात आधीपासून आहे. २००२ ते २००४ या काळात त्यांनी कृत्रिम रक्ताच्या बाटल्या मुंबईच्या लोकलगाड्यांतील प्रवाशांच्या हाती दिल्या. बाटलीचे रूप बाजारातील मालाचे. वरील मजकुराचा आशय मात्र असा की, तुमचा धर्म आणि तुमचे राष्ट्रीयत्व तुमच्या हाती नसले तरी त्यासाठी तुम्हांला दोष देण्यात मला सुख वाटते. द्वेष हाही जाहिरातीने खपणारा माल आहे, हे याहून थोडक्यात कसे सांगावे?

अणदूरसारख्या गावी बसून या महानगरी कलेची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. उत्तर आपल्या अनुभवातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादची गावे उद्ध्वस्त केली, तेव्हा जगाचे कॅमेरे या टापूकडे वळले. मृत्यूची बातमी झाली. पुढे घरे उभारण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. पण संथपणे उभी राहणारी भिंत ही बातमी होत नाही. आपत्ती आली तरच माईक आपल्यापुढे येतो. एरवी आपण केवळ श्रोते. आता तर हातातील मोबाईलने आपल्याला बोलके केले आहे असे वाटते. प्रत्यक्षात आलेला मजकूर न तपासता पुढे ढकलणे हेच पुष्कळांचे बोलणे होऊन बसले आहे. हे बोलणे नव्हे. आपण दुसऱ्याचा कर्णा झालो आहोत.

वस्तुतः या गावाला संवादाची फार जुनी रीत अवगत आहे. खंडोबाच्या जागरणात वाघ्या-मुरळी गातात, पण ‘येळकोट’ची हाक उठताच समोरचा समुदाय ‘जय मल्हार’ने उत्तर देतो. त्या उत्तरावाचून जागरण पुरे होत नाही. खंडोबाची मूर्तीदेखील वर्षाचा काही काळ नळदुर्गजवळच्या मैलारपुरास जाते आणि परत अणदूरला येते. मान दोन्ही गावांचा आणि पाळी ठरलेली. बोलण्याचा आणि ऐकण्याचा मान असाच वाटून घेतला जावा, एवढीच लोकशाहीची अपेक्षा आहे.

शाळांतून वृत्तपत्राचे वाचन होते, ते चांगलेच आहे. त्यासोबत विद्यार्थ्याला तीन प्रश्न विचारण्याची सवय लावावी : ही बातमी कोण सांगतो, कोणाला विचारून सांगतो, आणि यात कोणाचा आवाज नाही? माईक उलटा जोडण्याचे धैर्य कलावंताने दाखविले. ते प्रश्न विचारण्याचे धैर्य वर्गातील मुलाने दाखविले, तर त्या कलेचे सार्थक व्हेनिसपेक्षा अणदुरात अधिक होईल.