नवे चाक घेताना आकडे वाचा

ईद किंवा घरातले लग्न जवळ आले की गाडीलाही नटवावे असे अनेकांना वाटते. मुले अलॉय व्हीलचा हट्ट धरतात. शौकाला आमची हरकत नाही. पण चाक हा दागिना नव्हे. सारे कुटुंब त्याच्या भरवशावर बसलेले असते. म्हणून दुकानात जाण्याआधी काही आकडे समजून घेऊ या.

समजा, तुमच्या टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच असे लिहिले आहे. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी. बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के. रिमचा व्यास १५ इंच. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलोपर्यंत भार पेलतो आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर ही वेगाची कमाल मर्यादा.

या चाकाची एकूण उंची सुमारे ६२१ मिलिमीटर भरते. रिम १६ इंची हवी असेल तर १९५/५५ चा टायर घ्यावा; उंची जवळपास तेवढीच राहते. त्याऐवजी २०५/६५ आर १६ बसवला, तर उंची ६७३ मिलिमीटर होते. मग मीटर ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ८६ च्या पुढे धावत असते. वळताना टायर मडगार्डला घासण्याचीही भीती असते. भाराचा आकडाही मूळ टायरपेक्षा कमी नको. ८७ चा टायर ५४५ किलोच पेलतो.

आता रिमकडे पाहू. ४ × १०० म्हणजे चार बोल्ट, १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. ११४.३ ची रिम तिथे ओढूनताणून बसवू नये. मधले भोक हबपेक्षा मोठे असेल तर योग्य मापाची रिंग घालावी, नाहीतर स्टिअरिंग थरथरू शकते. ऑफसेट, म्हणजे ईटीचा आकडा, मूळच्या जवळचाच असावा. तो फार कमी झाला तर चाक बाहेर येते आणि बेअरिंगवर ताण वाढतो. नटही त्या रिमला जुळणारेच हवेत. नवी चाके बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्यावेत.

योग्य माप दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत सापडते. दुकानदार "बसेल हो" म्हणाला, तरी आपण ते ताडून पाहावे. दिखाव्यासाठी पैसा उधळणे हा इस्राफ आहे, आणि घरच्यांचा जीव ही अमानत. आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावे, ही शिकवण चाकाच्या नटालाही लागू आहे.