ऑक्सिजन संवेदक, मोटारगाडीतील

मोटारगाडीच्या एंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंतील ऑक्सिजनाच्या प्रमाणानुसार विद्युत् संकेत देणाऱ्या साधनास ऑक्सिजन संवेदक म्हणतात. वजनाने १ भाग पेट्रोलाच्या पूर्ण ज्वलनास सु. १४·७ भाग हवा लागते. एंजिनास प्रत्यक्ष मिळालेली हवा व ही आवश्यक हवा यांचे गुणोत्तर लॅम्डा या ग्रीक अक्षराने दर्शवितात. त्यावरून या साधनास ‘लॅम्डा संवेदक’ असेही नाव पडले आहे. कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळालेली हायड्रोकार्बने व नायट्रोजनाची ऑक्साइडे या तिन्ही प्रदूषकांचे निराकरण करणारा उत्प्रेरकी परिवर्तक हे गुणोत्तर १ च्या अगदी निकट असतानाच नीट कार्य करतो. जर्मनीतील बॉश कंपनीने तयार केलेला हा संवेदक १९७६ मध्ये व्हॉल्व्हो मोटारगाड्यांत प्रथम वापरात आला. भारतात १९९५ पासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक सक्तीचा झाला व पुढे इंधन अंतःक्षेपणाबरोबर हा संवेदकही रूढ झाला.

रचना व कार्य : संवेदकाच्या टोकाशी झिर्कोनियम डाय-ऑक्साइडाची टोपणासारखी पोकळ नळी असून तिच्या दोन्ही पृष्ठांवर प्लॅटिनमाचा सच्छिद्र थर असतो. बाहेरील पृष्ठ निष्कास वायूंत व आतील पृष्ठ बाहेरच्या हवेच्या संपर्कात असते. सु. ३००° से. च्या वर ही मृत्तिका ऑक्सिजनाचे आयन वाहून नेते व दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनाच्या प्रमाणांतील फरकामुळे विद्युत् दाब निर्माण होतो. मिश्रणात इंधन अधिक असल्यास तो सु. ०·८ ते ०·९ व्होल्ट, तर हवा अधिक असल्यास सु. ०·१ ते ०·२ व्होल्ट असतो. या संकेतानुसार नियंत्रक इंधन कमीजास्त करतो. त्यामुळे निकोप संवेदकाचा दाब सतत खालीवर होत राहतो. संवेदक लवकर तापावा म्हणून त्यात विद्युत् तापकही बसवितात.

दोषांची कारणे व लक्षणे : काजळी, जळणाऱ्या वंगण तेलाची राख, गळणारे शीतक व सिलिकोनयुक्त सांधलेप यांमुळे संवेदक निकामी होतो. शिसे हेही त्यास विषासमान होय. म्हणूनच शिसेविरहित पेट्रोल त्यास आवश्यक असते. इंधनाचा वाढता खप, काळा धूर, एंजिनाची अस्थिर मंदगती व सूचक दिवा लागणे ही बिघाडाची लक्षणे होत. दीर्घकाळ अधिक इंधन जात राहिल्यास परिवर्तक अतितप्त होऊन वितळू शकतो व त्याची किंमत संवेदकाच्या कित्येक पट असते.

निदान : दोषसंकेतात संवेदकाचा उल्लेख आला म्हणजे तोच सदोष आहे असे नव्हे. एखाद्या सिलिंडरात ठिणगी न पडल्यास न जळालेल्या पेट्रोलाबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर पडतो. संवेदकास केवळ ऑक्सिजनच कळत असल्याने तो हवा अधिक असल्याचा संकेत देतो आणि नियंत्रक आणखी इंधन सोडतो. संवेदकाच्या अलीकडे निष्कास नळी फुटून बाहेरची हवा आत शिरल्यासही असेच घडते. म्हणून प्रथम स्पार्क प्लग, नळ्यांचे सांधे व तारा तपासाव्यात. नंतर तापकाचा विद्युत् रोध मोजावा. तो सामान्यतः काही ओहम असतो व मंडल तुटलेले असल्यास अनंत दिसतो. शेवटी एंजिन तापवून उच्च रोधाच्या व्होल्टमापकाने संकेत पाहावा. अंतर्ग्रहण मार्गात थोडा इंधनवायू सोडताच दाब त्वरित चढला आणि तेथील एखादी निर्वात नळी काढताच तो उतरला, तर संवेदक चांगला असून दोष अन्यत्र आहे. दाब एकाच जागी अडकल्यास वा मंदपणे बदलल्यास संवेदक बदलावा. परिवर्तकापुढील दुसऱ्या संवेदकाचा दाब मात्र जवळजवळ स्थिर असणे हेच योग्य असते. विस्तृत पल्ल्याच्या संवेदकांची रचना भिन्न असल्याने त्यांना वरील कसोटी लागू पडत नाही.

बदलण्याची रीत : काम उघड्या जागी करावे, कारण बंद जागेत चालू एंजिनातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरतो. एंजिन बंद करून नळी हात लावण्याजोगी कोमट होऊ द्यावी, बॅटरीचे ऋण टोक सोडवावे व जोडणी अलग करावी. आटे गंजून बसले असल्यास भेदक तेल लावून काही वेळ थांबावे आणि तारेसाठी खाच असलेल्या सॉकेट पान्याने संवेदक काढावा. नवा संवेदक त्याच प्रकारचा असावा. आट्यांना लावावयाचा लेप टोकास लागू देऊ नये. संवेदक आधी हाताने फिरवून मग निर्मात्याने सांगितलेल्या परिबलाने आवळावा. पुष्कळ संवेदकांत तुलनेची हवा तारांच्या आवरणातूनच आत जात असल्याने तारांना डाख देऊ नये. अखेरीस दोषसंकेत पुसून गाडी काही अंतर चालवावी व संकेत पुन्हा तपासावा. ज्या तेलामुळे वा शीतकामुळे जुना संवेदक निकामी झाला, त्याची गळती थांबविली नसल्यास नवाही त्याच मार्गाने जातो.