वजन म्हणजे बंधन नव्हे : ट्रेलरवरील ट्रॅक्टरविषयी काही गैरसमज

दुरुस्तीसाठी किंवा विक्रीसाठी ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवून परगावी नेणे आता खेडोपाडी नित्याचे झाले असले, तरी त्याच्या बंदोबस्ताविषयी रूढ असलेले काही समज जिवावर बेतणारे असल्यामुळे त्यांची छाननी करणे अगत्याचे आहे.

गैरसमज : एवढे अवजड धूड स्वतःच्या भारानेच जागेवर राहते, हातब्रेक ओढून गिअर टाकला की पुरे.

वस्तुस्थिती : अकस्मात ब्रेक लागून ट्रेलर थांबतो, तेव्हा जडत्वामुळे ट्रॅक्टर पूर्वीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहतो, आणि भार जितका अधिक तितका हा रेटाही अधिक. म्हणूनच अमेरिकेच्या संघीय नियमांनी माल पुढच्या दिशेस गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट, तर मागे व बाजूंना ०.५ पट धक्का सोसेल असा बांधण्याची अट घातली आहे. त्या हिशेबाने २ टनांच्या ट्रॅक्टरचा पुढचा रेटा १,६०० किलोंच्या ओझ्याइतका भरतो. हातब्रेक केवळ चाकाचे फिरणे रोखतो; खड्ड्यात ट्रेलर उसळला असता चाकांचे घसरणे त्याने थांबत नाही.

गैरसमज : मधून एक जाड दोर करकचून आवळला म्हणजे काम झाले.

वस्तुस्थिती : नायलॉनचा दोर ताणाखाली लांबतो, आणि एकमेव बंध तुटला की दुसरा आधार उरत नाही. म्हणून चार कोपऱ्यांना चार स्वतंत्र साखळ्या, दोन पुढे व दोन मागे ओढणाऱ्या, सांगाड्याच्या किंवा अॅक्सलच्या भक्कम जागी अडकवाव्यात. स्टिअरिंगच्या दांड्यास वा हायड्रॉलिकच्या नळीस कदापि नव्हे. साखळीने निर्धोकपणे पेलावयाचा भार तिच्या तुटण्याच्या मर्यादेहून कितीतरी कमी असतो. निवड त्या कमी आकड्यावरूनच करावी. मागे अवजार जोडलेले असल्यास ते फळीवर टेकवून निराळे बांधावे.

गैरसमज : ट्रॅक्टर ट्रेलरवर कोठेही उभा केला तरी चालतो.

वस्तुस्थिती : भार फार मागे गेला, तर जोडणीवरचा दाब घटून ट्रेलर वेगात डोलू लागतो. मध्याजवळ अॅक्सल असलेल्या ट्रेलरच्या एकूण भारापैकी १० ते १५ टक्के दाब जोडणीवर यावा, अशा बेताने जागा निश्चित करावी.

गैरसमज : निघताना पक्की असलेली बांधणी मुक्कामापर्यंत पक्कीच राहते.

वस्तुस्थिती : धक्क्यांनी टायर दबतात व साखळ्या सैल पडतात. उपरोक्त नियमांत पहिल्या ५० मैलांच्या, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरच्या, आत फेरतपासणी सांगितली आहे. खडबडीत वाटेवर ती त्याहून लवकर करावी.

सुटलेला ट्रॅक्टर चालकाच्या केबिनवर किंवा मागून येणाऱ्या निरपराध वाटसरूवर कोसळू शकतो. म्हणून बांधणीत हयगय करण्याचा अधिकार कोणासही नाही.