शय्याव्रणाचे गणित

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या माकडहाडावर वा टाचेवर पडणारी जखम म्हातारपणाबरोबर यावयाचीच, हा समज घराघरांत आहे. वृद्धाश्रमही त्याला अपवाद नाहीत. वास्तविक एकाच जागी सतत दाब राहिला की तेथील रक्तपुरवठा खुंटतो आणि कातडी मरते. तेव्हा हा धोका कोणास अधिक, हे जखम होण्यापूर्वीच ताडता येते.

ब्रिटनमधील परिचारिका डोरीन नॉर्टन यांनी सहकाऱ्यांसह १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत त्यासाठी एक साधी गुणपद्धती मांडली. शरीरप्रकृती, मनाची जागरूकता, चालणे-फिरणे, कूस बदलण्याची ताकद आणि मलमूत्रावरील ताबा, प्रत्येकास १ ते ४ गुण. बेरीज १४ वा त्याहून कमी भरली की सावध व्हावे. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना तरी हे अवघड वाटू नये! पुढे, १९८७ मध्ये, ब्रेडन मापनपद्धती आली. तीत आहाराचाही विचार आहे.

आपल्याकडे २००७ च्या ज्येष्ठ नागरिकविषयक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी आश्रमाची कल्पना मांडली. खाटांचा आकडा ठरला, हे ठीकच. परंतु प्रवेशअर्जात अनामत रक्कम व नातलगांचा पत्ता यांच्या शेजारी या पाच रकान्यांनाही जागा हवी. अर्थात नुसत्या बेरजेने जखम टळत नाही. गुण ११ भरले, तर रात्री दोन वाजताही त्या वृद्धाची कूस बदलणारे हात लागतात, आणि काटकसरीची कुऱ्हाड प्रथम पडते ती रात्रपाळीच्या सेवकांवरच.